ताटातील अर्धी जागा भाजीची

आमच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागात तपासणी आटोपून रुग्ण उठू लागला, की बरोबर आलेली पत्नी, सून किंवा मुलगा दाराशी थबकून एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, कोणती भाजी खाल्ली म्हणजे साखर उतरते?" प्रश्न साधा आहे आणि तो आस्थेपोटी विचारलेला असतो. परंतु त्याचे अर्धवट उत्तर किती महागात पडते, हे आम्ही वारंवार पाहत आलो आहोत. म्हणून या वर्षीच्या अहवालातील आरोग्यशिक्षणाची ही पाने त्या एका प्रश्नासाठी राखून ठेवली आहेत.

काही काळापूर्वी साठीच्या घरातील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे दाखल झाले. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते रोज पहाटे पेलाभर कारल्याचा रस घेत होते. रस सुरू झाला, आता गोळ्यांची गरज उरली नाही, अशा समजुतीने त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन्ही वेळच्या जेवणात मात्र तीन-तीन भाकरी, वर भात आणि तोंडी लावायला वाटीच्या तळाशी भाजी, हा क्रम पूर्वीचाच राहिला. चप्पल लागून अंगठ्याला झालेली जखम दुखत नव्हती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. जखम दुखत नव्हती ती त्यामुळे. दाखल झाले तेव्हा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता आणि अंगठा काढावा लागला. "रस तर मी एक दिवसही चुकवला नाही," असे ते आम्हांला पुन:पुन्हा सांगत होते.

त्यांनी कारले खाल्ले यात काहीच चूक नव्हती. चूक झाली ती भाजीला औषध मानण्यात आणि अन्न न मानण्यात. साखर उतरविणारी अशी कोणतीही एक भाजी नाही. परंतु ताटात भाजीला अर्धी जागा दिली, तर साखरेवर ताबा ठेवण्यास तिच्याइतके साहाय्य करणारे दुसरे अन्नही क्वचितच सापडेल. या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच.

रक्तातील साखर कोठून येते?

"आम्ही तर चहातसुद्धा साखर घेत नाही, मग रक्तात साखर कशी?" असे अनेक जण विचारतात. भाकरी, पोळी, भात, पोहे, बटाटा या सर्व पदार्थांतील पिष्टमय भागाचे पचनानंतर ग्लुकोजमध्येच रूपांतर होते. हे ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ते पेशींत पोहोचवते आणि उरलेले यकृतात साठवण्यास मदत करते. इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्यास पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले, की ग्लुकोज रक्तातच साचून राहते. त्यालाच आपण साखर वाढली असे म्हणतो.

निरोगी व्यक्तीची उपाशीपोटी साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था होय. १२६ किंवा अधिक आकडा पुन्हा तपासूनही कायम राहिल्यास मधुमेह मानला जातो. मागील सुमारे तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असावी, ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. यांपैकी अनेकांना आपल्या स्थितीची कल्पनाही नसते. उंबरठ्यावरील मनुष्य पुढे जाईल की मागे फिरेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या ताटावर आणि पायांवर, म्हणजे आहारावर आणि चालण्यावर अवलंबून असते.

भाजी नेमके काय करते?

भाजीचे कार्य तीन प्रकारचे आहे. पहिले, ती जागा व्यापते. ज्वारी, बाजरी, गहू वा तांदूळ, कोणतेही धान्य घ्या. १०० ग्रॅममध्ये साधारणपणे ६० ते ८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. बहुतेक पालेभाज्यांत हेच प्रमाण १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आत असते. दोन वाट्या भाजी पोटात गेली, की एक भाकरी आपोआप कमी होते, आणि त्या भाकरीतून येणारे ग्लुकोजही.

दुसरे, भाजीतील तंतू पचनाचा वेग मंदावतात. भेंडीचा चिकटपणा किंवा गवारीच्या दाण्यातील डिंकासारखा अंश पाण्यात फुगून दाटसर होतो. त्यामुळे जठरातून अन्न हळूहळू पुढे सरकते आणि ग्लुकोज एकदम न उसळता सावकाश रक्तात येते. दुर्बळ झालेल्या स्वादुपिंडास हा अवधी फार मोलाचा असतो.

तिसरे, भाजीने पोट भरल्याची जाणीव होते, परंतु उष्मांक थोडे मिळतात. पोटाचा घेर उतरण्यास त्यामुळे मदत होते, आणि पोटावरील चरबी कमी झाली की शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते.

या गोष्टी केवळ तर्काने सांगितलेल्या नाहीत. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली उंबरठ्यावरील ५७७ व्यक्तींवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना अधिक भाज्या व कमी साखर असा आहार, काहींना व्यायाम, तर काहींना दोन्ही सांगण्यात आले. हा उपक्रम सहा वर्षे चालला. तीस वर्षांनंतर, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसून आले, की आहार व व्यायाम पाळलेल्यांमध्ये मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे पुढे ढकलला गेला आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटले. आपल्याकडे चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर झालेल्या अशाच अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. आहारातील बदल आणि नियमित चालणे यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीने मिळालेला लाभही जवळपास तेवढाच होता.

ताट कसे वाढावे?

आपल्या परंपरेत ताट वाढण्याची रीत सुंदर आहे. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. समोर भात वा पोळी. परंतु रोजच्या धावपळीत ही रीत मागे पडली. डावी बाजू लोणच्यापुरती उरली, उजवी बाजू एका वाटीपुरती, आणि ताट भरले ते भाकरी-भाताने. भाजीला आपण 'तोंडी लावणे' म्हणू लागलो, म्हणजे मुख्य जेवण ते दुसरेच.

आमच्या आहार-सल्ला कक्षात आम्ही रुग्णाला तक्ता देत नाही. आधी त्याच्यासमोर रिकामे ताट ठेवतो. ताटाचे दोन भाग मनाशी कल्पावेत. एका अर्ध्या भागात फक्त भाजी : दीड ते दोन वाट्या शिजवलेली पालेभाजी वा फळभाजी आणि वाटीभर काकडी, मुळा, टोमॅटो किंवा गाजराची कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन वाटे करावेत. एकात घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, अंडे किंवा मासळी; दुसऱ्यात एक मध्यम भाकरी, दोन फुलके किंवा वाटीभर भात, यांपैकी एकच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही भाज्या व फळे मिळून रोज ५०० ग्रॅमची शिफारस असून त्यांनी ताटाचा अर्धा भाग व्यापावा असेच सुचविले आहे.

"ज्वारीची भाकरी तर चालते ना?" हा पुढचा प्रश्न. भाकरी अवश्य चालते. मैदा किंवा पांढऱ्या भातापेक्षा तिच्यात तंतू अधिक असतात. परंतु चालते म्हणून चार खाल्ल्या, तर त्या चारींचे ग्लुकोजच होणार. धान्य कोणते, यासोबत किती, हेही विचारले पाहिजे.

जेवणाचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आधी भाजी व प्रथिनयुक्त पदार्थ आणि शेवटी भात वा पाव असे खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे जपान व अमेरिकेतील छोट्या अभ्यासांत आढळले आहे. आपल्या घरात हे सहज जमण्यासारखे आहे. गरम भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत कोशिंबीर आणि अर्धी वाटी भाजी खाऊन घ्यावी.

कोणत्या भाज्या, कशा कराव्यात?

मेथी, पालक, चाकवत, चुका, अंबाडी, शेपू, माठ, राजगिरा, चवळीचा पाला या पालेभाज्या, तसेच दुधी, दोडका, पडवळ, घोसाळे, भेंडी, गवार, तोंडली, वांगे, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, घेवडा आणि कारले या फळभाज्या व शेंगभाज्या पोटभर खाव्यात. पावसाळ्यात डोंगरभागातून येणारा टाकळा, कुर्डू, करटोली यांचेही स्वागत करावे. बटाटा, रताळे, सुरण, अळकुड्या आणि मका यांची गणना मात्र भाजीत न करता धान्यात करावी. यांतील एखादा पदार्थ ताटात आला, तर भाकरी किंवा भात तेवढा कमी करावा. पोळीबरोबर बटाट्याची भाजी आणि वर भात, या जेवणात भाजी नाहीच, असे आम्ही रुग्णांना हसत हसत सांगतो.

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, फार वेळ शिजवू नये आणि शिजवलेले पाणी फेकू नये. फोडणीस तेल बेताचे असावे. गुळाचा खडा, साखरेची चिमूट ही सवय हळूहळू सोडावी. आंबटपणासाठी चिंच-गुळाऐवजी आमसूल वा लिंबू वापरावे. भाजीचा रस काढून गाळला, की तंतू चोथ्यात जातात. म्हणून भाजी प्यावी कशाला, खावी.

कारले, मेथीदाणे आणि दुधीचा रस

या तिन्हींविषयी लोकांत मोठा विश्वास आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कारल्यावरील प्रयोगांचा २०१२ साली जो पद्धतशीर आढावा घेण्यात आला, त्यात मधुमेहावरील उपचार म्हणून त्याची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. मेथीदाण्यांत फुगणारे तंतू भरपूर असतात आणि राष्ट्रीय पोषण संस्थेतील अभ्यासांत त्यांचा काही उपयोग दिसला आहे; परंतु तो आहाराला पूरक म्हणून, गोळीच्या बदल्यात नव्हे. दुधीच्या रसाबाबत तर सावधगिरीच हवी. कडू दुधीत विषारी द्रव्य असते. २०१० साली दिल्लीत अशा रसाने एक मृत्यू घडला आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये असा इशारा दिला. दुधी चिरताना तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास ती टाकून द्यावी.

ज्या बालकांना व तरुणांना पहिल्या प्रकारचा मधुमेह असतो, त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट कायम ध्यानी ठेवावी. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीचा आहार देत. भाजीसुद्धा तीन-तीनदा उकळून, पाणी काढून टाकून खाऊ घालीत. तरीही ती मुले वाचत नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले. या मुलांचे इन्सुलिन कोणत्याही भाजीसाठी, कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नये.

उपवासाचे दिवस

एकादशी, चतुर्थी आणि श्रावणातील सोमवार या दिवसांनंतर साखर वाढलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ. त्यात बटाटा, जोडीला रताळ्याचा कीस आणि केळे. नाव उपवासाचे, पण पिष्टमय पदार्थ रोजच्यापेक्षा अधिक. श्रद्धा जपूनही बदल करता येतो. घराच्या रीतीत बसत असल्यास राजगिऱ्याची पालेभाजी, लाल भोपळ्याचे भरीत, काकडीची दही घालून कोशिंबीर, ताक आणि थोडी भगर असा फराळ करावा.

याउलट निर्जळी किंवा कडक उपवास करणाऱ्या, गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. आकडा ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्यास रुग्णालयात आणावे. ताटातील धान्य एकदम निम्मे करावयाचे असल्यासही आधी डॉक्टरांना सांगावे. औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते.

मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या रुग्णांना काही भाज्यांतील पोटॅशियम बाधू शकते. तसेच रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू वा घटवू नये. अशांनी आपले ताट आमच्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

आईच्या ताटापासून

मधुमेह हा केवळ वयस्कांचा आणि स्थूलांचा विकार आहे, ही समजूत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्याने दूर झाली. भारतीय बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांनी दाखवून दिले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या आहाराचा त्यांनी १९९३ पासून अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती. म्हणून घरातील सुनेच्या ताटात शेवटी उरलेली भाजी पडत असेल, तर ती गोष्ट साधी समजू नये. सर्वांत आधी आणि सर्वांत भरपूर भाजी तिलाच वाढली पाहिजे.

खर्चाचा प्रश्न

आमच्या अनेक रुग्णांना हा सल्ला ऐकताना संकोच वाटतो, याची आम्हांला जाणीव आहे. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला शिधापत्रिकेवर दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. भाजी मात्र विकत घ्यावी लागते. पोट धान्यानेच भरणे हा गरिबाचा दोष नव्हे. तरीही काही मार्ग आहेत. हंगामातील भाजी स्वस्त असते. मुळ्याचा, बिटाचा आणि फ्लॉवरचा पाला आपण फेकून देतो, तो उत्तम पालेभाजी होय. दारातील शेवगा पाने आणि शेंगा दोन्ही देतो. मटकी, मूग यांना मोड आणल्यास मूठभर कडधान्यात घरातील चौघांची उसळ होते. सांडपाण्याऐवजी स्वच्छ पाण्यावर, चार जुन्या डब्यांत मेथी आणि माठ सहज उगवतो.

आणखी एक विनंती. मधुमेहीसाठी वेगळा स्वयंपाक करू नये. वेगळे ताट म्हणजे रुग्णाला शिक्षा आणि घरच्या स्त्रीला दुप्पट कष्ट. असे पथ्य महिनाभरही टिकत नाही. वर सांगितलेले ताट सर्वांनाच हितकारक आहे. मधुमेही आईवडिलांच्या मुलांना तर या ताटाची गरज अधिक आहे.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ आज नियमित तपासणीस येतात. गोळ्या सुरू आहेत, जखम भरली आहे, आणि कारले त्यांनी सोडलेले नाही. आता ते भाजी म्हणून ताटात येते. मागील भेटीत त्यांच्या पत्नीने आम्हांला सांगितले, "आता भाजीचं पातेलं मोठं घेतलंय आणि भाकरीचा डबा लहान." त्यांच्याबरोबर आलेल्या मुलाची साखर आम्ही त्याच दिवशी तपासली. ती उंबरठ्यावर निघाली. त्याचा अंगठा शाबूत आहे आणि पुरेसा वेळही त्याच्या हाती आहे.

आमच्या देणगीदारांच्या साहाय्यावर रक्ततपासणी आणि आहार-सल्ला कक्ष चालतो, म्हणून अशा मुलाला वेळेवर गाठता येते. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. कुटुंबीयांकडे आमचे मागणे याहून लहान आहे : आज रात्रीचे ताट वाढताना भाजीला अर्धी जागा द्यावी, आणि औषध ठरल्या वेळी घ्यावे.